अधिकृत भांडारातल्या काकू

‘काकू हे आडनाव आहे की पहिलं नाव?’

एवढाच मजकूर असलेली ईमेल मला एका सकाळी सिंगापूरच्या एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, उभी असताना आली, आणि क्लेमेंटी ते बुओना व्हिस्टा या दोन स्टेशनांत तिचं उत्तर काही मला सुचलं नाही. लिहिणारा माणूस युरोपातल्या कुठल्याशा गावात राहतो. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. माझा एक छोटा प्रोग्राम लिनक्स या संगणकप्रणालीच्या एका डिस्ट्रिब्युशनच्या, म्हणजे तयार संचाच्या, अधिकृत भांडारात घेण्याजोगा आहे का, हे तपासायचं काम त्याने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. त्या प्रोग्राममधल्या एका फाइलच्या लेखकाच्या जागी मी ‘काकू’ एवढंच लिहिलं होतं. मला त्यात काहीच खटकलं नव्हतं. इथल्या निम्म्या मराठी लोकांना काकू म्हटलं की कोण ते कळतं.

खरी पंचाईत पुढेच होती. काकूंचं नाव मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, काका आजारी असताना त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात बसले, आणि फोनमध्ये त्या ‘पासिर रिस काकू’ म्हणून नोंदलेल्या. आपल्यात मोठ्या बाईचं नाव कोणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही. नातं कळलं की काम भागतं. ऑफिसच्या दारातून आत जाताना मला लाज वाटली आणि हसूही आलं.

प्रोग्राम कसला, ते आधी सांगते. आपण कुठे आहोत आणि तारीख कोणती हे त्याला सांगितलं की तो तिथली तिथी सांगतो, सूर्योदय सांगतो, आणि चंद्रोदय सांगतो. यातला चंद्रोदय महत्त्वाचा, कारण सगळी सुरुवात तिथूनच झाली.

मी पुण्याहून इथे नवी नवी आले तेव्हा बॅगेत घालून भिंतीवरचं कॅलेंडर आणलं होतं. भक्त म्हणावी अशी मी नाही, पण संकष्टी करायची सवय होती. कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ दिलेली असते. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणून मी त्या वेळेत अडीच तास मिळवले आणि तोपर्यंत उपाशी बसले. इथे नव्याने येणारं प्रत्येक मराठी माणूस एकदा तरी हे करतं. गणित चोख, पोट रिकामं, आणि चंद्र केव्हाच वर आलेला. दुसऱ्या दिवशी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी हे कोणाला तरी सांगत होते, तर शेजारी बसलेल्या एक बाई मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, “अगं, तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी संपते, तिथे अडीच तास बरोबर. चंद्र काय घड्याळ बघून उगवतो? तो ज्याच्या त्याच्या दारात आपापल्या वेळी येतो. मला फोन करायचास.”

त्या काकू. एका बँकेत हिशेब बघण्यात त्यांची नोकरी झाली होती. पुढे काका गेल्यावर आणि मुलगा दुसऱ्या देशात स्थायिक झाल्यावर त्या बेटाच्या पूर्व टोकाला, पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये, एकट्याच राहू लागल्या. बारावा मजला, आणि कॉरिडॉर पूर्वेला उघडा. आमच्याकडे, बेटाच्या पश्चिम भागात, समोर इमारतींचे उंच ब्लॉक्स, वर कायमचे ढग. चंद्र बघायचा म्हटलं तर मान दुखेल. काकू मात्र कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसत आणि बेटावरच्या सगळ्या उपाशी लोकांना सांगत, “उगवला.”

तेव्हापासून दर संकष्टीला मीही फोन करू लागले. पुढे केव्हातरी माझ्यातल्या प्रोग्रामरला ते सहन होईना. दिवसा मी बँकेचा कोड लिहिते, जो घरच्यांनासुद्धा दाखवायचा नसतो. सगळ्या जगाने बघावं असं आपलं काहीतरी असावं, या हौसेतून संध्याकाळी मी चंद्रोदय काढायचा प्रोग्राम लिहायला घेतला. तो बरोबर उत्तरं देऊ लागल्यावर वाटलं, नुसत्या वेळा कसल्या सांगायच्या, सणाला काय करायचं तेही सांगूया. मग काकूंना विचारून विचारून मी एक मोठी फाइल भरली. काकू बोलत, मी टंकत असे.

ही फाइल मला प्रोग्रामपेक्षा जास्त आवडते. पाडव्याखाली काकूंनी सांगितलंय, ‘कपडे वाळत घालायचा बांबू गुढीला चालतो, पण नवा आणावा. खिडकीबाहेर काढू नये, खालच्या माणसाच्या डोक्यात पडेल.’ वटपौर्णिमेखाली, ‘पार्कातल्या वडाला दोरा गुंडाळू नये. लांबून नमस्कार केलेला झाडाला कळतो.’ संकष्टीखाली, ‘ढग असतील तर वेळ झाल्यावर पूर्वेकडे तोंड करून हात जोडावेत आणि जेवावं. उपाशी राहून वाद घालू नये.’ हे शेवटचं बहुतेक माझ्यासाठी होतं.

प्रोग्राम बरीच वर्षं इंटरनेटवर माझ्याच पानावर पडून होता. हवा त्याने उतरवून घ्यावा. घरी घातलेलं लोणचं ओळखीच्यांना बरणीतून द्यावं, तसं ते. मग मंडळाच्या वेबसाइटचं काम बघणाऱ्यांनी विचारलं, हा आमच्या पानावर लावता येईल का? मी आनंदाने हो म्हटलं. तर त्यांचा नियम निघाला: आमच्या सर्व्हरवर आम्ही फक्त डिस्ट्रिब्युशनच्या अधिकृत भांडारातलेच प्रोग्राम घालतो, बाहेरून आणलेलं काही नाही. नियम चांगला आहे. बँकेत मी स्वतः लोकांना हेच ऐकवते. माझ्यावर उलटल्यावर मात्र मला तो फार जाचक वाटला.

तर हे भांडार म्हणजे काय? लिनक्स वापरणाऱ्याला काही हवं असलं की तो एक आज्ञा देतो आणि प्रोग्राम भांडारातून येऊन बसतो. त्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो, कारण तिथे ठेवलेली प्रत्येक वस्तू कोणीतरी उघडून, हुंगून, उलटीपालटी करून पाहिलेली असते. हे पाहणारे बहुतेक लोक बिनपगारी आहेत. त्यामुळे त्यांना घाई नसते आणि भीडही नसते. आणि दर काही काळाने नवी आवृत्ती जवळ आली की भांडाराचं दार नव्या मालाला बंद होतं. तेव्हा जो बाहेर राहिला तो दोनेक वर्षं बाहेर. माझा अर्ज गेला तेव्हा दार बंद व्हायला दीडदोन महिने होते.

माझ्या तपासनिसाच्या ईमेल मी ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचायची आणि माझी कॉफी गार व्हायची. ‘मॅन्युअल नाही.’ लिहिलं. ‘मॅन्युअल आहे, पण ते वाचून काही कळत नाही.’ पुन्हा लिहिलं. ‘चाचण्या फक्त सिंगापूरच्या आहेत. पृथ्वीवर इतर गावंही आहेत.’ हे वाचून मी इतकी भडकले की त्याला एक लांबलचक उत्तर लिहिलं, मग ते खोडून टाकलं, आणि पाच खंडांतल्या गावांच्या चाचण्या जोडल्या. त्यांतल्या दोन नापास झाल्या. खुद्द माझ्याच प्रोग्राममध्ये चूक निघाली. मी ती दुरुस्त केली आणि त्याला फक्त ‘झालं’ एवढंच कळवलं. तोही ‘छान’ म्हणाला नाही. पण हळूहळू मला या माणसाची गोडी लागली. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं काम इतक्या बारकाईने कोणी वाचलं नव्हतं.

मग तो काकूंच्या फाइलशी पोचला. ही कोणी लिहिली? पहिल्यांदा मी ‘परंपरा’ असं उत्तर दिलं होतं. तो म्हणाला, परंपरा टंकत नाही, ही वाक्यं कोणाची आहेत? मग मी ‘काकू’ लिहिलं, आणि त्याने ते आडनावाचं विचारलं. त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. मजकूर ज्याचा त्याचं पूर्ण नाव हवं आणि त्याची संमती हवी. कोणीही तो वापरावा, कोणीही तो बदलावा, बदललेला पुढे वाटावा, या तिन्हीला होकार हवा. एकाला जरी नकार असला तरी माल परत.

म्हणजे सगळं गाडं काकूंच्या एका होकारावर येऊन थांबलं होतं. मला त्यात काहीच कठीण वाटलं नाही. काकू कशाला नाही म्हणतील? नेमकी त्या आठवड्यात संकष्टी होती. ऑफिस सुटल्यावर मी एमआरटीच्या हिरव्या लाइनने थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत, पासिर रिसला गेले.

काकूंनी मोदक उकडून झाकून ठेवले होते. कॉरिडॉरमध्ये तुळशीशेजारी खुर्ची मांडलेली, मांडीवर फोन. मी दुसरी खुर्ची आणली आणि आधी ते अवघड काम उरकलं.

“काकू, तुमचं नाव काय हो?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “बरी आहेस ना?”

मी सगळं सांगितलं. त्या खूप हसल्या, मग त्यांनी नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. छान, जुन्या वळणाचं नाव आहे. म्हणाल्या, “हे नाव घेऊन हाक मारणारे गेले. आता पासपोर्टवर आहे, आणि सरकारी पॉलिक्लिनिकमधली नर्स घेते, तिच्या पद्धतीने.”

मी लॅपटॉप उघडून नाव लिहिलं आणि दुसऱ्या मुद्द्यावर आले. तेवढ्यात फोन वाजला. “नाही गं, अजून नाही,” काकू म्हणाल्या. “मुलीचा ताप उतरला का? रक्त तपासून घे, डेंग्यूचे दिवस आहेत.” तो ठेवला तर दुसरा. “वाट बघतेय. जागा सापडली का तुम्हाला? क्लेमेंटीत नका घेऊ, विद्यार्थ्यांनी भाडी वाढवून ठेवलीत.” मग तिसरा. कोणाची सासू यायची होती, कोणाचा इथे नोकरी करायचा पास नूतनीकरणाला गेला होता. चंद्राचं बोलणं प्रत्येक फोनमध्ये एकच वाक्य असायचं, बाकी सगळं हेच.

मध्येच सापडलेल्या फटीत मी म्हटलं, “तर काकू, तुमचा मजकूर कोणालाही बदलता येईल, असं लिहून द्यायचंय.”

“म्हणजे कोणीही बदलेल?”

“हो.”

“मला न विचारता?”

“हो, न विचारता. पण असं सहसा कोणी…”

“आणि वर नाव माझं?”

“बदलणाऱ्याचंही येईल त्याच्या शेजारी.”

“मग नको,” काकू म्हणाल्या.

मला वाटलं त्या रुसल्यात. मी समजावू लागले, लायसन्सची तत्त्वं सांगू लागले. मोकळं सॉफ्टवेअर, सगळ्यांचा हक्क, वगैरे. काकूंनी ते थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग फोन पदराखाली सरकवून म्हणाल्या, “अगं, बदलू दे गं कोणाला काय बदलायचंय ते. ते नाही. हे गेले, मुलगा तिकडे. महिन्यातून ही एक संध्याकाळ माझा फोन थांबत नाही. तुझ्या त्या भांडारात गेलं, मंडळाच्या पानावर लागलं, की मला कोण विचारणार?”

त्यांनी हे इतकं साधेपणाने सांगितलं की मी लॅपटॉप मिटून ठेवला. थोड्या वेळाने समोरच्या ब्लॉकच्या बाजूने तांबूस चंद्र वर आला, काकूंनी पाच-सहा जणांना कळवलं, आणि आम्ही जेवलो. मोदक फार सुंदर झाले होते. मी त्या विषयावर पुन्हा बोलले नाही.

परतीच्या गाडीत मात्र मला राग येत होता. आधी तपासनिसाचा आला, मग मंडळाच्या नियमाचा, आणि शेवटी माझा. काकू माझ्याशी जे बोलायच्या ते ‘माहिती’ आहे असं मी धरून चालले होते. त्यांच्या दृष्टीने ते बोलणंच होतं.

तपासनिसाला मी कळवलं की संमती मिळत नाही. त्याचं उत्तर लगेच आलं. ‘सोपं आहे. ती फाइल काढून टाका. बाकी सगळं तयार आहे, मी आजच वर चढवतो.’ घरी लेकीचंही हेच मत पडलं. ती सगळं मराठी समजते आणि उत्तर इथल्या सिंगापुरी इंग्रजीत देते. “आई, जस्ट डिलीट इट लाह. नोबडी रीड्स दॅट पार्ट वन.”

“मी वाचते,” मी म्हटलं, जरा जास्तच मोठ्या आवाजात.

पण करून पाहिलं. फाइल काढली, प्रोग्राम चालवला. चतुर्थी, कृष्ण पक्ष, चंद्रोदय अमुक वाजता. बस्स. सगळं अचूक होतं आणि अळणी होतं. असे प्रोग्राम जगात पुष्कळ आहेत, माझ्यापेक्षा हुशार लोकांनी लिहिलेले. मी फाइल परत जागेवर ठेवली आणि तपासनिसाला लिहिलं की मी अर्ज मागे घेते, तुमचा वेळ घेतला, क्षमा असावी. तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने लिहिलं, ‘ठीक आहे. माझी आजी जंगलात मशरूम कुठे उगवतात ते मरेपर्यंत कोणाला सांगत नव्हती. अर्ज मी उघडाच ठेवतो.’ त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, या माणसाला एकदा जेवायला बोलवावं.

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटत होतं. भांडारात आपलं काही असावं ही माझी फार दिवसांची इच्छा होती. दार बंद होण्याची तारीख जवळ येत होती आणि मी ती बघायची नाही असं ठरवून रोज बघत होते.

त्यातच एक दिवस काकूंचा फोन आला. मागे बाजाराचा गलका.

“तुझ्या त्या भांडाराचं काय झालं?”

“राहिलं.”

“माझ्यामुळे?”

“हो,” मी म्हटलं. गोड बोलायला मला वेळेवर सुचत नाही.

“मला वगळलं असतंस तर झालं असतं ना?”

“झालं असतं.”

“मग?”

“बघितलं वगळून. कंटाळवाणं दिसत होतं.”

 मग त्या म्हणाल्या, “रविवारी घरी आहेस का?”

रविवारी काकू अख्खं बेट ओलांडून क्लेमेंटीला आल्या. हातात चिवड्याचा डबा. आपली फाइल त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्या फक्त सांगत आल्या होत्या. मी प्रोग्राम चालवला तशा त्या चष्मा लावून काळ्या पडद्यावरची आपली वाक्यं वाचत बसल्या, एकेका सणाची. गुढीच्या बांबूपाशी थांबल्या.

“हे आमच्या सासूबाईंनी वाचलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं,” त्या म्हणाल्या. “कपड्यांचा बांबू! मी तरी कुठे कोणाला विचारून बदललं? इथे दुसरं मिळेना म्हणून बदललं.”

मी पडद्यावर पुढचा सण आणला. 

“बदलू दे,” काकू म्हणाल्या. “पण खाली लिही, शंका असेल तर काकूंना विचारावं. माझा फोन नंबर दे.”

“नंबर नको काकू! जगभरातून कर्ज देणारे फोन करतील.” मी त्यांना समजावलं की प्रत्येक प्रोग्रामला तक्रारी आणि शंका पाठवायला एक पत्ता असतो. तिथे कोणी काही विचारलं तर ते मला दिसतं, आणि मी ते त्यांच्यापर्यंत पोचवेन. काकूंना हे फारसं भरवशाचं वाटलं नाही, पण त्यांनी माझ्या लॅपटॉपवर दोन बोटांनी आपलं पूर्ण नाव टंकलं आणि संमतीची ईमेल स्वतः पाठवली. मग चिवड्याचा डबा उघडला.

दार बंद व्हायच्या आत आम्ही आत गेलो. भांडाराच्या यादीत माझा प्रोग्राम दिसला त्या दुपारी मी ऑफिसात होते. एका नव्या मशीनवर आज्ञा दिली, आणि तो कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवरून आला आणि गुपचूप बसला, इतर हजारो प्रोग्राम बसतात तसाच. मला फार आनंद झाला. तो सांगायला आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून मी खाली जाऊन स्वतःलाच महागडी कॉफी पाजली. लायसन्सच्या पानावर आम्हा दोघींची नावं एकाखाली एक होती. तपासनिसाने ‘अभिनंदन’ असं लिहिलं होतं, पुढे काही नाही. त्याच्याकडून तेवढं म्हणजे मिरवणूकच.

मंडळाने महिन्याभरात तो पानावर लावला. त्यानंतरच्या संकष्टीला मी काकूंना फोन केला.

“तुला वेळ माहीत आहे की,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे. तरी.”

“आज फक्त तुझा आणि आणखी दोघांचा आला. शांतपणे जेवले. बरं वाटलं,” काकू म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं नव्हतं, ते आवाजातच कळत होतं. मी मंडळातल्या दोघीतिघींना दटावलं, पुढच्या वेळी त्यांनी इमानाने फोन केले, आणि काकूंनी ते ओळखलं. असे फोन ओळखू येतातच.

मग मे महिन्यात त्या पत्त्यावर पहिली तक्रार आली. नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडच्या एका गावातून, एका मराठी मुलीची. ती तिथे समुद्राच्या पाण्यावर संशोधन करते. तिने लिहिलं होतं की प्रोग्राम संकष्टीला चंद्रोदयाच्या जागी काहीच दाखवत नाही. मी शोधलं तर प्रोग्राम बरोबर होता. इतक्या उत्तरेला त्या दिवसांत चंद्र क्षितिजाच्या वर येतच नाही, सूर्य मात्र मावळत नाही. मी एक छोटी दुरुस्ती केली, कोऱ्या जागी ‘आज चंद्रोदय नाही’ असं येईलसं केलं, आणि तिला कळवलं. तिचं उत्तर आलं. ‘धन्यवाद. पण मग मी जेवायचं कधी? खाली लिहिलंय की शंका असेल तर काकूंना विचारावं. विचारता का?’

मी ते उत्तर फोनवर वाचून दाखवण्याऐवजी पासिर रिसला गेले. काकूंनी ते स्वतः दोनदा वाचलं.

“एकटीच राहते का गं तिथे?”

“तसं दिसतंय.”

“आणि चंद्र उगवतच नाही?”

“त्या दिवसांत नाही.”

काकू उठल्या, आत गेल्या, आणि चहा करून घेऊन आल्या. त्यांना इतका वेळ विचार करताना मी कधी पाहिलं नव्हतं. एरवी उत्तर तयार असतं. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “लिही. ज्या गावी चंद्र उगवत नाही, तिथल्या माणसाने आपल्या आईच्या गावचा चंद्रोदय धरावा. आईला फोन करावा, उगवला का विचारावं, आणि जेवावं.”

मी टंकलं. टंकता टंकता सवयीने विचारलं, “आणि आई नसेल तर?” प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला ही खोडच असते, जागा रिकामी असली तर काय करायचं ते आधी विचारून ठेवायचं. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. ते मनात ठेवून मी विचारलं नव्हतं. पण विचारून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं, आणि माझे हात थांबले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

“तर पासिर रिसचा धरावा,” त्या म्हणाल्या. “लिही. मी बसलेली असते इथे.”

मी लिहिलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं, आणि मी ते भांडाराकडे पाठवून दिलं.